इन्सुलिन घेणारा रुग्ण आणि चिकित्सेचा तिसरा पाद

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात या प्रत्येक पादाचे चार-चार गुणही सांगितले आहेत. तथापि आपल्या परिसंवादांचे विषय पाहिले, आपल्या नियतकालिकांची अनुक्रमणिका चाळली, तर भिषक् आणि द्रव्य या दोनच पादांवर आपले सारे चिंतन खर्च होत असल्याचे दिसून येते. तिसरा पाद जो उपस्थाता, म्हणजेच परिचारक किंवा परिचारिका, त्याविषयी आपण क्वचितच बोलतो. या उपेक्षेची किंमत अनेक प्रकारच्या रुग्णांना मोजावी लागते. परंतु इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या बाबतीत ती किंमत काही तासांत, प्रसंगी काही मिनिटांत मोजावी लागते. म्हणून प्रस्तुत विषयाकडे वैद्यवर्गाचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के. यांतील पुष्कळ रुग्ण केव्हा ना केव्हा आयुर्वेदाकडे वळतात. कोणी संधिवातासाठी येतो, कोणी पक्षाघातानंतर बस्तीसाठी, कोणी पायावरील व्रणासाठी, तर कोणी मधुमेहासाठीच. त्यांतील काहींच्या पिशवीत इन्सुलिनची कुपी किंवा पेन असते. आपल्या रुग्णालयात तो रुग्ण दाखल होतो, त्याचे पंचकर्म सुरू होते आणि ते इन्सुलिन रोज त्याच्या शरीरात जात राहते. ते कोण देते, केव्हा देते, किती देते आणि दिल्यानंतर रुग्णाने अन्न घेतले की नाही हे कोण पाहते, या प्रश्नांचे उत्तर अनेक ठिकाणी ‘रुग्णाचा नातेवाईक’ असे असते. आमच्या मते हे उत्तर कोणत्याही रुग्णालयास शोभणारे नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इन्सुलिन हे आपल्या शास्त्रातील द्रव्य नव्हे. ज्याने ते लिहून दिले त्याने त्याची काळजी वाहावी, आपल्या परिचारिकेने ते का शिकावे? हा आक्षेप वरकरणी रास्त वाटला तरी टिकणारा नाही. रुग्ण आपल्या खाटेवर असताना त्याच्या देहात जे जे कार्य करीत आहे त्या सर्वांची जबाबदारी आपल्यावर येते. शिवाय आपली चिकित्सा आणि त्याचे इन्सुलिन ही दोन्ही एकाच देहात, एकाच वेळी काम करतात. गुडमार, कारले, विजयसार, मामेजवा यांसारखी द्रव्ये साखर कमी करण्याच्या हेतूनेच आपण देतो. इन्सुलिनच्या जोडीने दिल्यास त्यांचा परिणाम त्यात मिळू शकतो. उलट आसव-अरिष्टे आणि अवलेह यांत गूळ-साखर असते, तिचा हिशेब वेगळा. या दोन्ही बाजू जाणणारा मनुष्य रुग्णाजवळ नसेल, तर कोणत्याही पद्धतीचे पांडित्य त्याला वाचवू शकणार नाही.

चरकांनी उपस्थात्याचे जे चार गुण सांगितले, ते उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे होत. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या परिचर्येस हे चारही गुण तंतोतंत लागू पडतात. त्यांच्याच आधारे आपण हा विषय तपासून पाहू.

प्रथम उपचारज्ञता. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांचे मिळते. कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असे असते, तर पेनच्या काडतुसातील १०० युनिट असे. दोहोंसाठी सिरिंजही वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. पेन बिघडले म्हणून काडतुसातील औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले आणि २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णास २० ऐवजी ५० युनिट इन्सुलिन जाते. याउलट कुपीतील औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने दिले, तर २० च्या जागी केवळ ८ युनिट जातात. पहिल्या चुकीने रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो, दुसरीने त्याची साखर अकारण वाढलेली राहते आणि वैद्य विनाकारण औषधे बदलत बसतो. टोपणाचा रंग आणि कुपीवरील अंक यांची जुळणी करण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. परंतु ती करावयाची असते हे कोणीतरी शिकवावे लागते.

इन्सुलिनच्या जातीही अनेक. साधे इन्सुलिन आणि ३०/७० मिश्रणाचे मानवी इन्सुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास द्यावयाचे. नवीन शीघ्रकारी प्रकार जेवणाच्या अगदी आधी. ग्लार्जिनसारखे दीर्घकाल कार्य करणारे इन्सुलिन रोज ठराविक वेळी, आणि तेही दुसऱ्या कशातही न मिसळता. गढूळ दिसणारे इन्सुलिन तळव्यांत हलकेच फिरवून एकजीव करावे, जोराने हलवू नये. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, ती कधीही गोठू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे थंड जागी, उन्हापासून दूर चालते. ज्या खेड्यात वीज तासन्‌तास जाते तेथे पाण्याने भिजलेल्या मडक्याचा आधार घेता येतो. ही माहिती अवघड नाही. आपल्या परिचारिका स्नेहपाकाच्या अवस्था आणि बस्तीची मात्रा लक्षात ठेवतात. हे त्याहून कठीण खचित नाही.

दुसरा गुण दाक्ष्य. इन्सुलिनचा सर्वांत मोठा धोका म्हणजे रक्तातील साखर प्रमाणाबाहेर कमी होणे. प्रति डेसिलिटर ७० मि.ग्रॅ. च्या खाली साखर गेली की धोक्याची सूचना समजावी. ५४ च्या खाली गेली तर प्रसंग गंभीर होय. घाम, कंप, धडधड, भूक, डोके हलके होणे, चिडचिड, असंबद्ध बोलणे आणि शेवटी मोह किंवा झटके, अशी ही लक्षणमालिका आहे. येथे आपल्या रुग्णालयांपुढे एक विशेष अडचण उभी राहते, आणि तिच्याकडे कोणत्याही आधुनिक परिचर्या-पुस्तकात लक्ष वेधलेले आढळणार नाही. स्वेदनाच्या वेळी घाम येणे अपेक्षितच असते. विरेचनानंतर दौर्बल्य आणि ग्लानी येणे अपेक्षितच असते. स्नेहपानाच्या दिवसांत अन्नाविषयी अरुची असणेही अपेक्षितच असते. म्हणजे साखर घसरल्याची जी लक्षणे इतरत्र तात्काळ नजरेत भरतात, ती आपल्याकडे कर्माची स्वाभाविक लक्षणे म्हणून दृष्टीआड होतात. म्हणूनच अशा रुग्णाच्या बाबतीत ‘थकवा आहे, झोपू द्या’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी बोटाच्या रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. तपासणीपूर्वी हात धुणेही तितकेच आवश्यक. अवलेह किंवा गूळ लागलेल्या बोटाची तपासणी खोटी वाढलेली साखर दाखविते.

साखर घसरली असता, रुग्ण शुद्धीवर आणि गिळू शकणारा असल्यास, तीन लहान चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर अद्याप कमी असल्यास पुन्हा द्यावी आणि ती वर आल्यावर थोडे अन्न द्यावे. लाडू, पेढा, दूध यांचा उपयोग त्या क्षणी नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. रुग्ण अकार्बोज किंवा वोग्लिबोज या गोळ्या घेत असेल तर घरातील साखरही पुरेशी उपयोगी पडत नाही, ग्लुकोजच द्यावे लागते. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून शिरेतून ग्लुकोज देण्याची किंवा ग्लुकागॉनचे इंजेक्शन देण्याची तत्काळ व्यवस्था करावी. रात्रपाळीच्या मावशींना हे ठाऊक आहे काय, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयचालकाने आज रात्रीच स्वतःस विचारावा.

तिसरा गुण शौच. पेन एकाचे असेल तर ते त्या एकाचेच. सुई बदलूनही ते दुसऱ्यास वापरता कामा नये, कारण रक्ताचा अंश काडतुसात मागे येऊ शकतो. बोट टोचण्याची सुई प्रत्येकास नवी. वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे, न भेदल्या जाणाऱ्या पांढऱ्या पात्रातच गेल्या पाहिजेत. एकाच जागी रोज टोचल्याने त्वचेखाली मेदाच्या गाठी होतात आणि तेथून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते. म्हणून पोट, मांडी, दंड आणि नितंब या जागी क्रमाने आणि एकाच भागातही बोटभर अंतर सोडून टोचावे. परिचारिकेने टोचण्यापूर्वी त्वचा केवळ पुसू नये, हाताने चाचपूनही पाहावी.

चौथा गुण अनुराग. याची चर्चा करताना अनेकजण संकोचतात, जणू तो शास्त्राचा भाग नाही. वस्तुतः आपल्या समाजात इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय, एकदा सुरू झाले की सुटत नाही, अशी समजूत खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे रुग्ण ते लपवितो, मात्रा चुकवितो, वैद्यास सांगत नाही. कित्येक रुग्ण आयुर्वेदीय रुग्णालयात येताना, वैद्य रागावतील म्हणून इन्सुलिन चालू असल्याचे बोलतच नाहीत. मात्रा देणाऱ्या, जेवणाचे ताट समोर ठेवणाऱ्या परिचारिकेस मात्र रुग्ण ते सांगतो, जर तिच्या शब्दांत आपुलकी असेल तर. अशा वेळी तिने दटावले, तर माहितीचा तो एकमेव मार्गही बंद होतो.

आता कर्मांचा विचार. अभ्यंग आणि उष्णता यांनी त्वचेखालील रक्ताभिसरण वाढते आणि तेथे नुकतेच टोचलेले इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर शोषले जाते. समजा, सकाळी साडेसात वाजता मांडीत इन्सुलिन दिले, आठ वाजता त्याच मांडीस अभ्यंग झाला, पाठोपाठ बाष्पस्वेद झाला आणि न्याहारी नऊपर्यंत लांबली. तर साखर घसरण्याची सर्व सामग्री आपणच सिद्ध केली असे म्हणावे लागेल. निरूहबस्ती अन्न न घेतलेल्या अवस्थेत देतात. त्या दिवशी सकाळचे मिश्र इन्सुलिन नेहमीच्या वेळी कसे देता येईल? स्नेहपानात भूक लागेपर्यंत अन्न नसते, विरेचनाच्या दिवशी आहार नाममात्र असतो आणि नंतरच्या संसर्जनक्रमात पेया, विलेपी या क्रमाने तो हळूहळू वाढतो. आहाराचे प्रमाण दररोज बदलत असताना इन्सुलिनची मात्रा मात्र जुन्याच चिठ्ठीप्रमाणे चालू ठेवणे म्हणजे रुग्णास संकटात लोटणे होय. मात्रा किती कमी करावी हे परिचारिकेने ठरवावयाचे नाही. ते इन्सुलिन सुरू करणाऱ्या चिकित्सकाशी विचारविनिमय करून, कर्मास प्रारंभ करण्यापूर्वी, वैद्याने लेखी ठरवावयाचे आहे.

येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण करून देणे उचित ठरेल. चरकांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात स्वेदनास अयोग्य व्यक्तींची जी गणना केली आहे, तीत मधुमेहीचा समावेश आहे. चिकित्सास्थानात स्थूल व बलवान प्रमेही आणि कृश व दुर्बल प्रमेही असा भेद करून, कृशास बृंहण योग्य असे सांगितले आहे. म्हणजे सरसकट प्रत्येक मधुमेह्यास एकच पंचकर्म-संच लावण्याची जी प्रथा काही ठिकाणी पडली आहे, तिला आपल्या शास्त्राचाच आधार नाही. त्यातच पायांची संवेदना गेलेल्या रुग्णास तापलेल्या पोटलीचा किंवा वाफेचा चटका बसला, तर तो त्यास कळतही नाही आणि त्या भाजण्यातून न भरणारा व्रण निर्माण होतो. स्वेदनापूर्वी पायांची संवेदना तपासणे आणि रोज रात्री बोटांच्या बेचक्यांसह पाय पाहणे, हे परिचारिकेचे नित्यकर्म असावे.

सर्वांत नाजूक प्रश्न इन्सुलिन बंद करण्याचा. पुष्कळ रुग्ण नेमक्या त्याच आशेने आपल्याकडे येतात. स्थूल, अपथ्यनिमित्तज मधुमेहात आहार, व्यायाम, वजनातील घट आणि औषधे यांच्या साह्याने इन्सुलिनची गरज कमी होऊ शकते, काहींची संपूही शकते. परंतु ती मोजून, टप्प्याटप्प्याने आणि चिकित्सकांच्या परस्पर विचाराने. याउलट ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, विशेषतः मुलांत, ते एक दिवसही पूर्णपणे बंद करता येत नाही. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास दिले गेले. तत्पूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. सुश्रुतांनी सहज आणि अपथ्यनिमित्तज असा भेद केला आहे. सहज म्हणजेच पहिला प्रकार असे समीकरण मांडण्याची घाई आम्ही करणार नाही. परंतु सर्व प्रमेह एकसारखे नाहीत, हा त्यामागील बोध स्पष्ट आहे. अशा मुलास उलट्या होत आहेत, ते जेवत नाही, म्हणून इन्सुलिन थांबविणे हा घातक विचार आहे. उलटी, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि श्वासास फळासारखा गंध ही लक्षणे दिसताच त्यास अजीर्ण समजून थांबू नये. विनाविलंब अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. मधुमेह समूळ बरा करण्याच्या जाहिराती १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय अधिनियमान्वये निषिद्ध आहेत, हेही या संदर्भात विसरता कामा नये. अशी जाहिरात करणारा एक मनुष्य साऱ्या वैद्यवर्गाची पत घालवितो.

केवळ दोष दाखवून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. आपल्या संघटनेने पुढील गोष्टी हाती घ्याव्यात, असे आम्ही आग्रहपूर्वक सुचवितो.

१. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णास इन्सुलिन आणि साखरेच्या गोळ्यांविषयी न रागावता, नेमके विचारले जावे. कुपी किंवा पेन प्रत्यक्ष पाहून त्यावरील नाव व तीव्रता रुग्णपत्रावर लिहावी.

२. अशा रुग्णाच्या रुग्णपत्रास एक स्वतंत्र तक्ता जोडावा. त्यात साखरेची नोंद, इन्सुलिनची वेळ, मात्रा, टोचण्याची जागा, प्रत्यक्ष घेतलेला आहार आणि त्या दिवसाचे कर्म ही सर्व एकाच ओळीत यावीत.

३. कर्माच्या दिवसांतील मात्रेचा लेखी निर्णय असल्याखेरीज स्नेहपान, विरेचन अथवा निरूह सुरू करू नये.

४. प्रत्येक कक्षात आणि पंचकर्म-कक्षात ग्लुकोमीटर, ग्लुकोजची पूड आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक कायम हाताशी असावा.

५. संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने वर्षातून एकदा परिचारिका, पंचकर्म-साहाय्यक आणि मावशी यांच्यासाठी एक दिवसाचा वर्ग मराठीतून घ्यावा. शिकविण्यास अनुभवी परिचारिकेस सन्मानाने बोलवावे.

लहान रुग्णालयांना हे परवडणार नाही, असे कोणी म्हणेल. ग्लुकोमीटर, साखरेचा डबा आणि छापील तक्ता यांना लागणारा खर्च एका तैलधारेच्या तेलाहून फार अधिक नाही. खरा तुटवडा आहे तो परिचारिकेकडे पाहण्याच्या आदराचा. जिला आपण हरकामी समजतो, तिच्याकडून दाक्ष्याची अपेक्षा कशी करणार? तिचे वेतन, तिचे शिक्षण आणि वैद्यास थांबवून ‘आज याने जेवण केलेले नाही’ असे सांगण्याचा तिचा अधिकार, या तिन्ही गोष्टी एकत्रच वाढल्या पाहिजेत.

रुग्ण घरी गेल्यावर उपस्थात्याचे काम आई, पत्नी, सून किंवा मुलगा यांच्याकडे येते. त्यांनाही हेच शिक्षण द्यावयास हवे. आषाढीच्या वारीत दिवसभर चालणारा, एकादशीस निराहार राहणारा आणि तरीही सकाळचे इन्सुलिन नेमाने टोचणारा वारकरी आपल्यापैकी अनेकांना वाटेवरील सेवाकेंद्रांत भेटू शकतो. चालण्याने साखर उतरते, मांडीत टोचलेले इन्सुलिन लवकर शोषले जाते आणि वर उपवास! त्याच्या श्रद्धेस धक्का न लावता, निघण्यापूर्वी मात्रा ठरवून घ्या, खिशात ग्लुकोज ठेवा, सोबत्यास लक्षणे सांगून ठेवा, एवढे त्यास समजावणे हीसुद्धा वैद्यसेवाच होय.

इन्सुलिनविषयी आपल्यात मतभेद असतील, ते असोत. चर्चा होत राहील. परंतु ते घेणारा रुग्ण आज आपल्या कक्षात आहे आणि त्याच्या उशाशी बसणारी व्यक्ती अशिक्षित ठेवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही. आगामी वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि प्रशिक्षणवर्गांचा ठराव संमत करावा, अशी आमची सर्व शाखांना विनंती आहे.